फाटकावर टांगलेला गडगडाट

मित्रांनो, मला नुसते पाहाल तर म्हणाल, हा तर एक जुना पत्रा! पोचे आलेला, कडांना गंज धरलेला, अंगावर कुणाकुणाची अर्धीमुर्धी नावे. पण डोळे मिटून ऐकाल तर म्हणाल, आभाळ भरून आले. माझे खरे नाव गडगडाट. मुलांच्या नाटकांसाठी असलेल्या एका लहानशा नाट्यगृहात, विंगेच्या अंधारात, मी उभे आयुष्य ढग होऊन टांगलेला आहे. मधले एक वर्ष सोडून. त्या वर्षाचा राग अजून माझ्या अंगात घुमतो आहे, म्हणून आज तोंड उघडतो. पत्र्याने तोंड उघडले की आवाज जरा मोठाच होणार. सांभाळून घ्या.

माझा जन्म पत्र्याच्या ट्रंका बनवणाऱ्याच्या दुकानातला. खरे तर माझीही ट्रंकच व्हायची. कुणाच्या तरी खाटेखाली, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत, जुने कपडे सांभाळत मी पडून राहिलो असतो. पण नशिबाला वारा लागला. ट्रंकवाला मला डोक्यावर धरून गल्लीतून चालला होता. कोपऱ्यावर एक झुळूक आडवी आली. मी वाकलो, त्याच्या हातात ताणलो, सुटलो आणि असा गरजलो, की समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी झटकन छत्री उघडली. वर पाहतात तर आभाळ कोरे!

ते गृहस्थ शाळेत मास्तर होते.

“अहो, हे तुम्ही केलंत?”

“मी कशाला करू?” ट्रंकवाला म्हणाला. “हा पत्राच वांड आहे. आता चार घड्या घातल्या की बसेल गप्प.”

“नका, नका घालू घड्या! मला द्या तो.”

“ट्रंक करून ना?”

“असाच द्या. मला ट्रंक नको, ढग हवाय.”

ट्रंकवाल्याने मास्तरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसत म्हणाला, “आयुष्यात पहिल्यांदाच ढग विकतोय, मास्तर. भाव काय लावू, तुम्हीच सांगा!”

त्या भल्या माणसाने माझ्या वरच्या कडेला दोन भोके पाडली, हात कापू नये म्हणून कडा घासून दिल्या आणि खाली धरायला लाकडाची पट्टी ठोकून दिली. ट्रंकेला कुलूप बसवणाऱ्या हातांनी मला मोकळे सोडले. ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

मास्तरांचे नाट्यगृह म्हणजे नगरपालिकेचे एक रिकामे गोदाम. मास्तर तिथल्या मोठ्या लोकांना जाऊन म्हणाले होते, “तुम्ही घराघरात नळ देता, रस्त्यारस्त्यावर दिवे देता. तशी मुलांना एक गोष्ट द्या. तीही सार्वजनिकच असते.” त्या वेळी खुर्च्यांवर बसलेल्यांना हे पटले. गोदाम मिळाले आणि दरवर्षी अनुदान मिळू लागले. गोष्ट ऐकून मुलांचा नेमका काय फायदा झाला, हे मोजून दाखवा, असे कुणी म्हणाले नाही. नळाला कुणी विचारते का, की बाबा रे, तुझे पाणी पिऊन किती जण शहाणे झाले?

आमचे सगळ्यांत लाडके नाटक होते ‘ढगांचं कुलूप’. एक राक्षस सगळे ढग पेटीत कोंडतो आणि वर भलेमोठे कुलूप ठोकतो. खाली विहिरी आटतात, झाडे वाळतात. मग एक चिमूटभर म्हातारी काठी टेकत डोंगर चढते आणि कुलपालाच जाब विचारते. ती विचारायची आणि समोर बसलेली सगळी मुले एका सुरात उत्तर द्यायची:

कुलपा कुलपा, तू कुणाचं?
ज्याची किल्ली, मी त्याचं!
पाणी पाणी, तू कुणाचं?
ज्याची तहान, मी त्याचं!

तिसऱ्यांदा हे म्हणून झाले, की म्हातारी काठी उगारायची, कुलूप तुटायचे आणि ढग मोकळे व्हायचे. ते तुटणे म्हणजे मी. माझ्याशिवाय ते कुलूप तुटतच नसे. पहिला गडगडाट मोठा, छाती हलवणारा. मग मुले ओरडत, नाचत. आणि शेवटी, म्हातारी ओंजळ पुढे करायची तेव्हा दुसरा गडगडाट. अगदी हळू, लांब गेलेल्या ढगाचा.

मला हलवायची ती गडगडमावशी. मुलांनीच ठेवलेले नाव. ती आली तेव्हा स्वतःच एक पोर होती आणि तिला नाटकात काम करायचे होते. पण आवाज असा बारीक, की पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नसे. रडवेली होऊन विंगेत उभी राहिली, तेव्हा मास्तरांनी माझी पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “हा घे तुझा आवाज.” त्या दिवशी तिने मला जे काही हलवले, की गोदामाच्या कौलांवरची कबुतरे उडाली.

पण नुसते हलवणे म्हणजे गडगडाट नव्हे, मित्रांनो. विंगेच्या पडद्याला तिने एक भोक पाडून ठेवले होते. खेळ सुरू झाला की त्या भोकाला डोळा लावून ती पहिल्या रांगेतले सगळ्यांत लहान पोर शोधायची. मग माझा आवाज त्या पोराच्या मापाने बेतायची. ती म्हणे, “गडगडाट एवढाच करावा, की पोर आईला बिलगेल, पण आईला घेऊन उठून जाणार नाही.” म्हणून आमचा कुठलाच गडगडाट दुसऱ्यासारखा नसे. प्रत्येक खेळाला नवे पोर, नवे आभाळ.

आणि स्वभाव? तो माझ्याहून कडकडीत! राक्षसाचे काम करणाऱ्याला आम्ही सगळेच भाऊ म्हणायचो. तो टाळ्यांच्या मोहाने वाक्य लांबवायचा. खेळ संपला की ती त्याला धरायची. “तुझं वाक्य संपल्याशिवाय मला ढग फोडता येत नाही आणि तुझं वाक्य काही संपत नाही! राक्षस आहेस का पाहुणा? निघतो निघतो म्हणतोस नि दारातच उभा!” भाऊ राक्षसाची शिंगे हातात घेऊन गरीब गाईसारखा ऐकून घ्यायचा.

हे सुखाचे दिवस. मग मास्तर गेले. भाऊ व्यवस्थापक झाला. आणि नगरपालिकेत नवी माणसे आली. त्यांच्यातल्या एकाने सभेत विचारले, “पोरांच्या नाटकातून शहराला मिळतं काय?” त्याच साली चौकातल्या कारंज्याला रंगीत दिवे बसले. कारंज्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. आमचे अनुदान आधी आखडले, मग उशिरा येऊ लागले, मग येईनासे झाले. गळणाऱ्या छताखाली प्रेक्षकांनी सरकून बसायचे, हीच रीत पडली.

अशा वेळी एका मोठ्या प्रतिष्ठानाने हात पुढे केला. मला वाटले, सुटलो! पण काही हात टाळीसाठी पुढे येतात, काही आधारासाठी. आणि काही नुसते फोटोसाठी.

प्रतिष्ठानाचे अधिकारी आले. गोड बोलणारे, इस्त्रीचे कपडे, पायाखाली डबके दिसले तर त्याच्याकडेही हसून पाहणारे. विंगेजवळच उभे राहून भाऊशी बोलत होते.

“‘ढगांचं कुलूप’ आम्हाला फार आवडलं. नव्याने बसवा. आम्ही आवाजाचं अद्ययावत यंत्र देऊ.”

“साहेब, यंत्रापेक्षा छत...”

“छप्पर दुरुस्ती आमच्या योजनेत बसत नाही. नवीन काहीतरी हवं.”

“बरं, मग निदान माणसांचे पगार?”

“पगार हा काही उपक्रम नव्हे ना!”

“मग यंत्र चालवायचं कुणी?”

“एक बटण तर दाबायचंय. कुणीही दाबेल.”

भाऊ कसनुसे हसला. “तेच म्हणतो साहेब. या कुणीहीला सुद्धा संध्याकाळी घरी जाऊन जेवावं लागतं.”

अधिकारी हसले. त्यांना तो विनोद वाटला.

यंत्र आले. त्यात गडगडाट भरलेला होता, एकच, ठरलेल्या लांबीचा. पोर मोठे असो की छोटे, आई शेजारी असो की नसो, तेवढाच. आणि ज्या यंत्राला माणूस मिळाला नाही, त्याच्यासाठी माझ्या माणसाला घरी बसवण्यात आले.

भाऊने मावशीला सांगितले तेव्हा तो जमिनीकडे पाहत होता.

“मावशी, आता गडगडाट यंत्रातून... म्हणजे तुझं काम...”

“भाऊ, खाली बघून काय बोलतोस? राक्षस होतास तेव्हा निदान डोळ्यांत डोळे घालून ओरडायचास!”

मावशीने एकदा माझ्या अंगावरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरून गेली. नाट्यगृहाच्या समोरच तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचे कपड्यांना इस्त्री करण्याचे दुकान होते. दुसऱ्या दिवसापासून ती तिथे उभी राहू लागली. ढग हलवणारे हात लोकांच्या बाह्यांच्या सुरकुत्या मोडू लागले.

माझे काय झाले म्हणता? ऐका. प्रतिष्ठानाची एक अट होती. मदतीचा फलक दर्शनी जागी लागलाच पाहिजे, तोही धातूचा, मोठा, दुरून दिसेल असा. त्याशिवाय उरलेली मदत नाही. आणि फलकाचा खर्च मात्र योजनेत बसत नव्हता! भाऊ दोन दिवस डोके धरून बसला. तिसऱ्या दिवशी विंगेत आला आणि मला वितीने मोजू लागला. मी तंतोतंत बसलो.

“थोडेच दिवस रे,” तो माझ्या कानाशी पुटपुटला. पत्र्याला कान नसतात असे तुम्ही म्हणाल. ज्याला आवाज आहे, त्याला कानही असतात.

माझी लाकडी पट्टी काढून टाकली. रंगारी आला. माझ्या अंगावर पांढरा हात मारून तो लिहू लागला: प्रतिष्ठानाच्या उदार साहाय्याने. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, विश्वस्त, सल्लागार.

“एवढी नावं!” रंगारी म्हणाला. “यापेक्षा कमी पाहुण्यांत लग्नं लागतात. बरं भाऊ, खाली जागा उरलीय. नाटकाचं नाव टाकू?”

“नको. तिथं त्यांचं बोधचिन्ह टाकायचंय.”

बघा, मित्रांनो, काय न्याय आहे! मदत आली ती वादळाच्या नाटकाला. आणि त्या मदतीचे आभार मानायला त्यांनी वादळच उचलून फाटकावर टांगले.

फाटकावर मी सुरुवातीला आशेवर होतो. वारा आला की गुरगुरायचो. शाळेतून घरी जाणारी मुले थबकायची. एक मुलगी तर रोज माझ्यासमोर उभी राहून “कुलपा कुलपा” म्हणायची आणि मी वाऱ्याची वाट पाहत तिला उत्तर देण्यासाठी धडपडायचो. पण एकदा प्रतिष्ठानाचे अध्यक्ष भेटीला आले. गाडीतून उतरताना त्यांनी माझा आवाज ऐकला आणि कपाळाला आठी घातली.

“हा फलक फार वाजतो. बंदोबस्त करा याचा.”

माझ्या खालच्या कडेत दोन खिळे बसले, थेट फाटकाच्या लाकडात. ज्या संस्थेने आवाजासाठी पैसे दिले, तिने माझ्या आवाजाचा बंदोबस्त केला! त्यानंतर माझ्यावर कावळे बसले, कुणी कर्जाच्या जाहिराती चिकटवल्या, कुणी सायकल टेकवून ठेवली. मावशी रस्त्यापलीकडे होती. पण ती माझ्याकडे बघत नसे. आपले माणूस साखळदंडात दिसले, की आपणच नजर चुकवतो, तसे.

शेवटी खेळाचा दिवस उजाडला. दुपारचा खेळ, प्रेक्षागृह मुलांनी गच्च. अध्यक्ष आणि अधिकारी पाहणीला आलेले. खेळ पसंत पडला तर उरलेली मदत, नाही तर फाटकाला कुलूप. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. भाऊ म्हणाला होता, बटण मीच दाबीन. पण अध्यक्षांनी त्याला पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवून घेतले. मुख्य पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसू नये ना!

गरमीमुळे दारे-खिडक्या उघड्या होत्या. आतला शब्द न् शब्द फाटकापर्यंत येत होता. राक्षसाने ढग कोंडले. म्हातारी डोंगर चढली. एकदा झाले, दोनदा झाले, तिसऱ्यांदा मुलांनी अशी आरोळी दिली, की रस्त्यावरचा फेरीवाला थांबला. “ज्याची तहान, मी त्याचं!”

आणि मग काहीच नाही.

आत भाऊ उठू लागला होता, हे मला मागाहून कळले. अध्यक्षांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बसा हो. सुरेख चाललंय.” म्हातारीने काठी उगारलेलीच. तिने पुन्हा विचारले, “कुलपा कुलपा, तू कुणाचं?” मुलांनी पुन्हा उत्तर दिले, पण आता आवाजात शंका होती. चौथ्यांदा कुणी का विचारते? कुलूप तुटणार नाही की काय?

मी खिळ्यांत तडफडलो. वाऱ्याचा कण नव्हता.

रस्त्यापलीकडे मावशीचा हात इस्त्रीवर थांबला होता. तालमींतले सगळे शब्द ती रोज ऐकत होती; पण तिला ओढून बाहेर काढले ते त्या शांततेने.

“दादा, पकड दे.”

“पकड? कशाला?”

“अरे, ढग अडकलाय!”

“आणि हा शर्ट? जळेल ना तो!”

“शर्ट तू बघ. माझा ढग मी बघते.”

एका हातात पकड, दुसऱ्या हातात इस्त्रीचे जाड फडके. धावत आली. एक खिळा उपसला. दुसरा हट्टी निघाला, तर त्याला अशी शिवी हासडली की मी ती इथे सांगणार नाही. पट्टी नव्हती, म्हणून फडके माझ्या कडेभोवती गुंडाळले, पाय रोवले आणि...

मित्रांनो, वर्षभर कोंडलेला होतो मी! सगळ्या नावांसकट, बोधचिन्हासकट गरजलो. कावळे उडाले. सायकली आडव्या झाल्या. रस्त्यावरच्या लोकांनी वर पाहिले. आणि आत मुलांचा एकच कल्लोळ: “तुटलं! तुटलं!”

पण मावशीचा चेहरा कावराबावरा होता. तिला ते सगळ्यांत लहान पोर दिसत नव्हते. ती मान तिरकी करून ऐकत होती, कुणी रडतेय का? एक बारीक हुंदका आला. तिने तळहात माझ्या अंगावर सपाट टेकवला आणि आवाज हळूहळू विझवला. हुंदका थांबला.

तेवढ्यात अधिकारी धावत बाहेर आले, त्यांच्या मागोमाग भाऊ.

“अहो बाई! काय चाललंय? आमचा फलक आहे तो!”

“असेल. आत तो ढग आहे.”

“तुम्ही प्रतिष्ठानाच्या नावाला धक्का लावताय!”

“धक्का लावला म्हणून ते नाव आज कामाला आलं, साहेब. एरवी नुसतं लटकत होतं.”

अधिकाऱ्यांचे हसू पहिल्यांदाच मावळले. ते भाऊकडे वळले. “थांबवा यांना. नाही तर मला हे अहवालात लिहावं लागेल. मग पुढच्या मदतीचं काही सांगता येणार नाही.”

भाऊने एकदा माझ्यावरची नावे वाचली, वरपासून खालपर्यंत. एकदा प्रेक्षागृहाच्या दाराकडे पाहिले. आत म्हातारी ओंजळ पुढे करायच्या बेतात होती. मग त्याने मावशीकडे पाहिले. या खेपेला डोळ्यांत डोळे घालून.

“मावशी,” तो म्हणाला, “दुसरा बाकी आहे.”

मावशीने मान डोलावली. आणि दुसरा गडगडाट झाला. हळू, लांबचा, ढग माळावरून पलीकडे जावा तसा. त्या गडगडाटात अधिकारी काय बोलले, ते कुणालाच ऐकू आले नाही.

पुढे काय झाले, ते गोड करून सांगणार नाही. अहवालात लिहिले गेले की फलकाची हेळसांड झाली. नाटक कसे झाले, यावर एक अक्षर नव्हते. उरलेली मदत आली नाही. त्याच दिवशी भाऊने मला फाटकावरून उतरवले, पुन्हा लाकडी पट्टी ठोकली आणि विंगेत टांगले. मुलांच्या आईवडिलांना घेऊन तो नगरपालिकेत गेला आणि म्हणाला, “कर आम्ही भरतो. त्यातली आमच्या मुलांची गोष्ट कुठे गेली?” त्यांनी सांगितले, विचार करू. अजून विचारच चालू आहे. कारंज्याचे दिवे मात्र रोज लागतात.

फाटकाला कुलूप लागलेले नाही, पण छत गळते आहे. मावशी सकाळी इस्त्री करते आणि खेळाच्या दिवशी येऊन मला हलवते. बिनपगारी. लोक तिला म्हणतात, “वा मावशी, कलेवर किती प्रेम तुमचं!” मला या वाक्याचा संताप येतो. प्रेम आहेच. पण नळ दुरुस्त करणाऱ्याला कुणी म्हणते का, पाण्यावर किती प्रेम तुमचं, म्हणून फुकट करा? तिचा दंड दुखतो. रात्री ती त्याला तेल लावते. ते तेल कुठल्याच योजनेत बसत नाही.

माझ्या अंगावर ती नावे अजून आहेत. भाऊ खरवडून काढणार होता. मावशी म्हणाली, राहू दे, आपोआप जातील. आणि जातातच. प्रत्येक गडगडाटाला एखादी खपली उडते. कधी सल्लागार, कधी विश्वस्ताचा अर्धा. खेळ संपला की मावशी स्वतःच ती झाडून घेते.

म्हणून मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, खुर्च्यांवर बसाल, कुणाला काय द्यायचे ते ठरवाल, तेव्हा एवढे लक्षात असू द्या. नाटकात ढग गरजला की वर छताकडे पाहू नका, दारावरच्या फलकाकडे तर नाहीच नाही. विंगेकडे पाहा. तिथे पडद्याला एक भोक असते. त्या भोकातून कुणीतरी तुमच्यातल्या सगळ्यांत लहान पोराकडे पाहत असते. द्यायचे असेल, तर त्या डोळ्याला द्या, त्या दंडाला द्या.

आता थांबतो. तिसऱ्यांदा विचारून झाले आहे. मावशीने पट्टी धरली आहे.